तालमीचं पेज बंद करताना

फेसबुक सोडायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बटण कुठं आहे?" बटण सगळ्यात शेवटी. कोल्हापुरातल्या पेठेतल्या आमच्या तालमीचं पेज, त्याला जोडलेला ग्रुप आणि ही दोन्ही चालवणाऱ्या तिघांची खाती बंद करायला साडेतीन महिने लागले. त्यात बटण दाबण्याचं काम दोन मिनिटांचं. बाकीचा वेळ दहा-अकरा वर्षांचं सामान बाहेर काढण्यात गेला, आणि त्यातलं निम्मं सामान आपलं नाहीच, लोकांचं आहे, हे कळण्यात गेला. कुणाला हेच करायचं असेल तर क्रम, अडचणी आणि आमच्या चुका इथं लिहून ठेवतोय.

पहिलं काम कागदावरचं. का सोडायचं, ते एका वाक्यात लिहा. ही औपचारिकता वाटते, पण पुढचे निम्मे निर्णय त्या वाक्यावरून होतात. आमच्या बैठकीत तीन वाक्यं निघाली.

एकाचं म्हणणं माहितीच्या गैरवापराचं. २०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण बाहेर आलं: एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती तिच्या हाती गेली होती. तेव्हा जगभरात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. भारतातला त्यातला आकडा ५ लाख ६२ हजारांचा, आणि ते ॲप प्रत्यक्षात घेतलेले भारतीय होते फक्त ३३५. म्हणजे उरलेल्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी केलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

दुसऱ्याचं म्हणणं म्यानमारचं. तिथल्या हिंसेला आपला मंच वापरला जाऊ नये म्हणून आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये मान्य केलं.

तिसरं म्हणणं घरचं होतं. २०२१ मध्ये फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं की २०१७ पासून 'लाइक'ला एक गुण धरला, तर हसऱ्या, रडक्या किंवा रागाच्या चेहऱ्याला पाच गुण धरले जायचे. गुण जास्त, तितकी पोस्ट वर. रागाच्या चेहऱ्याचं वजन कंपनीने २०२० मध्ये शून्यावर आणलं, पण तोवर तीन वर्षं गेली होती. कोल्हापुरात हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू असताना कुठल्याही दोन पेठांच्या समर्थकांच्या पोस्टी बघाव्यात. गोलकीपरने पेनल्टी अडवली त्या फोटोखाली चार "नादखुळा" येतात. ऑफसाइड होता की नव्हता यावर दोनशे कमेंटी पडतात आणि शंभराव्या कमेंटीपर्यंत विषय आईबहिणीवर येतो. मग ते भांडण रात्री गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतं. त्यातच ७ जून २०२३ सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता. सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहर बंद, दगडफेक, लाठीमार, आणि शेवटी इंटरनेटच बंद.

कागदावर शेवटी हे वाक्य राहिलं: पोरं भांडली की ज्याचा फायदा होतो, तिथं तालमीचं नाव ठेवायचं नाही.

या वाक्याने व्हॉट्सॲपचा प्रश्न सोडवला, पण समाधानकारक नाही. व्हॉट्सॲप २०१४ पासून त्याच कंपनीचं. पहिलं वाक्य निवडलं असतं तर तेही सोडायला लागलं असतं. तिसऱ्या वाक्याप्रमाणे मात्र, तिथं कुठला मेसेज वर आणायचा हे ग्रुपमध्ये कुणी गुण मोजून ठरवत नाही, म्हणून ते चाललं. एकाने याला पळवाट म्हटलं. पळवाटच आहे. पण दूधवाल्यापासून शाळेपर्यंत सगळं तिथं असलेल्या गावात ती उघड्या डोळ्यांनी घेतलेली बरी.

दुसरं काम यादीचं. पेज, ग्रुप आणि माणसांची खाती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फेसबुकवर पेज कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर उभं असतं. ज्याच्याकडे एकट्याकडे पूर्ण नियंत्रण आहे त्याने आपलं खातं काढून टाकलं, तर त्याच्याबरोबर पेजही जातं. आमचं पेज उघडणारा पोरगा नोकरीला पुण्यात. तो आधीच कंटाळून खातं बंद करायच्या बेतात होता. त्याने महिनाभर आधी केलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. म्हणून सगळ्यात आधी पेजवर किमान दोघांना पूर्ण नियंत्रण द्या. नुसता पोस्ट टाकायचा अधिकार उपयोगाचा नाही.

यादीत आणखी काय काय निघतं? पेजला जोडलेलं इन्स्टाग्राम, जे वेगळं काढून टाकावं लागतं. कधीतरी रक्तदान शिबिराची जाहिरात केलेली असते, तिच्या खात्यात कुणाचं तरी कार्ड पडून असतं. आणि 'फेसबुकने लॉगिन करा' म्हणून उघडलेली बाहेरची ॲपं. ही सेटिंग्जमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स'खाली दिसतात. त्या प्रत्येक ठिकाणी आधी ईमेल आणि नवा पासवर्ड घालायचा. हे राहून गेलं की खातं गेल्यावर त्या ॲपात शिरायला दार उरत नाही.

आता प्रत काढणं, म्हणजे या सगळ्यातला खरा घाम. सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'खाली आपल्या माहितीची प्रत मागता येते. पेजची प्रत वेगळी मागायची, पेजच्या नावाने आत शिरून. मागताना तीन गोष्टी विचारल्या जातात आणि तिन्हींत आम्ही पहिल्यांदा चुकलो. कालावधी न बघता पुढं गेलो, त्यामुळे एकाच वर्षाचं आलं. 'ऑल टाइम' निवडायचं. फोटोंचा दर्जा मध्यम राहिला, 'हाय' करायचा. आणि फायलीचा प्रकार जेसॉन निवडला.

जेसॉन यंत्राला वाचायला सोपं, म्हणून निवडलं. उघडून बघितलं तर मराठीचा पत्ता नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', शेजारी चार पायांचं वर्तुळ, पुन्हा 'ए', पुन्हा वर्तुळ, मधेच जपानी येनचं चिन्ह. 'गणपती बाप्पा मोरया'च्या जागी अशी दीड ओळ. हे बिघडलेलं नसतं, उलगडायचं असतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं. फेसबुकच्या जेसॉनमध्ये ते तीन बाइट तीन सुटी अक्षरं म्हणून लिहिले जातात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्या कुणालाही सांगा: मजकूर लॅटिन-१ म्हणून बाइटमध्ये बदलायचा आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचायचा. तीन ओळींचं काम आहे. ते नको असेल तर सरळ एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारी पानं) मागा, त्यात मराठी नीट दिसतं. आमचा सल्ला दोन्ही मागायचा: वाचायला एचटीएमएल, तारखांसाठी जेसॉन.

तारखांचं वेगळंच लफडं. फेसबुकवर चढवताना फोटोतली मूळ नोंद, म्हणजे कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, ही पुसली जाते. प्रतीत येणाऱ्या फायलींना नुसते आकड्यांचे लांबलचक नाव असते आणि तारीख डाउनलोड केल्याची पडते. खरी वेळ जेसॉनमध्ये सेकंदांच्या एका आकड्यात असते, तीही चढवल्याची, आणि ग्रीनिचच्या घड्याळाने. तीत साडेपाच तास मिळवायचे. इतर गावांत याने फारसा फरक पडणार नाही. आपल्याकडे विसर्जन मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवसावर जाते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यांतले महाद्वार रोडचे सगळे फोटो साडेपाच तास न मिळवल्यामुळे आदल्या दिवशीच्या फोल्डरात गेले आणि पहाटे इराणी खणीवर पोचलेली मूर्ती आदल्या रात्रीच विसर्जित झाली. एक्झिफटूल नावाच्या फुकट साधनाने या तारखा फोटोत परत लिहिता येतात. पण साडेपाच तास आधी मिळवा, मग लिहा.

आणखी एक अपेक्षा सोडून द्या: मूळ आकाराचे फोटो परत मिळणार नाहीत. फेसबुकवर मोठ्यात मोठा फोटो लांब बाजूने २०४८ पिक्सेलचा राहतो. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापला तर पावणेसात इंचांच्या आसपास. स्मरणिकेत अर्ध्या पानाला चालेल, तालमीच्या भिंतीवर लावायला नाही. म्हणून ज्यांनी फोटो काढले त्यांच्या जुन्या हार्ड डिस्क आणि मेमरी कार्डं आधी शोधा. प्रत मोबाइलवर उतरवायच्या भानगडीत पडू नका. चार हजारांवर फोटो आणि व्हिडिओ मिळून आमचे झिपचे अनेक तुकडे झाले. लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क घ्या. उतरवायची लिंक काही दिवसच चालू राहते, आणि एखादा तुकडा अर्धवट उतरला तरी उघडेपर्यंत कळत नाही. प्रत्येक झिप उघडून बघा.

मेसेंजरचं थोडक्यात: २०२३ च्या डिसेंबरपासून तिथली वैयक्तिक संभाषणं आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) व्हायला लागली. ती नेहमीच्या प्रतीत येत नाहीत, मेसेंजरच्या सुरक्षित साठ्यातून वेगळी काढावी लागतात. खातं काढल्यावर मेसेंजरही जातं.

आता जे कुठल्याच प्रतीत येत नाही ते. तुमच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलेलं तुमच्या प्रतीत येतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं येत नाही. हे लक्षात आलं तेव्हा हात थांबले. एक जुना कृष्णधवल फोटो आहे, तालमीच्या हौद्यात अंगाला माती लावून उभे असलेले अकरा पैलवान. पोस्टवर आम्ही लिहिलं होतं फक्त "जुनी आठवण". त्याखाली सात-आठ वर्षं लोक लिहीत आले होते. डावीकडून तिसरा अमक्याचा आजा. मागं उभा आहे तो नंतर गिरणीत लागला. नाही, तो त्याचा थोरला भाऊ. अकरापैकी नऊ जणांची नावं त्या कमेंटींत होती आणि ती दुसरीकडे कुठंच लिहिलेली नव्हती. लिहिणाऱ्यांतले तिघे आता नाहीत.

याला सोपी युक्ती नाही. आम्ही जुन्या फोटोंच्या पोस्टी निवडल्या, प्रत्येक उघडली, 'मोस्ट रेलेव्हंट'च्या जागी 'ऑल कमेंट्स' केलं (नाहीतर निम्म्या दिसतच नाहीत), स्क्रीनशॉट घेतले आणि मजकूर वहीत उतरवला. दोघांना रोज तासभर, तीन आठवडे. उतरवताना एक अडचण निघाली: हे शब्द आपले नाहीत. माणसाने फेसबुकवर लिहिलं, ते तालमीच्या वहीत किंवा वेबसाइटवर घालायला त्याने हो म्हटलेलं नाही. नैतिक कारणाने बाहेर पडताना दुसऱ्यांचं न विचारता उचलून न्यायचं, हे काही जमेना. शेवटी माहिती ठेवली, लिहिणाऱ्यांची नावं ठेवली नाहीत. ज्यांचे शब्द जसेच्या तसे हवे होते त्यांना फोन केले. नाही म्हणणारा एकच निघाला, त्याचं घेतलं नाही. लहान पोरांच्या कार्यक्रमांचे फोटो तर वेबसाइटवर घातलेच नाहीत. ते आईबापांना पेनड्राइव्हवर दिले.

पेजच्या जागी काय, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. दुसऱ्या कुठल्या तरी मंचावर जाऊ, ही पहिली सूचना. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये, आणि मराठीत चालणारं कू २०२४ च्या जुलैमध्ये. म्हणजे पुन्हा भाड्याचंच घर. मास्टोडॉन एका कंपनीच्या मालकीचं नाही हे खरं, पण तिथंही खातं एका सर्व्हरवरून दुसरीकडे नेलं तर फॉलोअर येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. आणि पेठेतलं कुणी तिथं नव्हतं.

मग पेज काय काय कामं करत होतं ती सुटी केली, आणि एवढं केल्यावर गोष्ट हलकी झाली. फोटोंसाठी साधी वेबसाइट: नुसती पानं आणि चित्रं, कमेंटची जागा नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, वर्षाला साधारण हजार रुपयांपर्यंत जातं. ते एकाच्या खाजगी ईमेलवर घेऊ नका. तो माणूस विसरला की तालमीचं नाव बाजारात. मॅच, रक्तदान, सभा यांसाठी व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील असा ग्रुप. कार्यकारिणीच्या चर्चेसाठी सिग्नल हे मेसेजचं ॲप, कारण तिथं सात माणसं होती आणि सातजण वळवता येतात. एक धोका सांगून ठेवतो: सिग्नलचे मेसेज फोनवरच राहतात. एकाने फोन बदलताना जुन्यावरून नव्यावर हलवलं नाही आणि त्याच्याकडचा सगळा हिशेबाचा धागा गेला. बॅकअप चालू करा आणि त्याची लांबलचक किल्ली कागदावर लिहून ठेवा.

राहिली पंचगंगेची पातळी. पेज बंद होतंय म्हटल्यावर फोटोंबद्दल कुणी विचारलं नाही, पातळीबद्दल सगळ्यांनी विचारलं. "मर्दा, पाऊस लागला की बघायचं कुठं आता?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कितवा उघडला यावर सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की नाही ते ठरतं. आम्ही पेजवर जे टाकत होतो ते जिल्हा प्रशासनाचेच आकडे होते. ते आता ग्रुपवर आणि तालमीच्या दारातल्या फळ्यावर. शेजारी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

बंद होणार हे सांगायला सहा आठवडे ठेवा. एक पोस्ट टाकून भागत नाही. फॉलोअर असले तरी प्रत्येकाला प्रत्येक पोस्ट दिसत नाही. पोस्ट पिन केली, कव्हरच्या फोटोवरच तारीख लिहिली आणि दारात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवरून सगळ्यात जास्त माणसं आली, हे नमूद करायला हवं. नंबर गोळा करताना वही ठेवली: नाव आणि नंबर, दुसरं काही नाही, आणि वही कुणाकडे राहणार ते पहिल्या पानावर.

मग खुद्द काढून टाकणं. त्याआधी दोन छोटी कामं. 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' उघडून बघा; बाहेरच्या कुठल्या दुकानांनी आणि ॲपांनी तुमची ये-जा कळवली त्याची यादी तिथं असते. ती पुसा आणि पुढची जोडणी तोडा. फोनबुक कधी चढवलं असेल तर ते नंबरही काढा; ते तुमचे नाहीतच.

क्रम असा ठेवा: आधी ग्रुप, मग पेज, मग माणसं. वैयक्तिक खात्यासाठी सेटिंग्ज अँड प्रायव्हसी, सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, आणि शेवटी डिअ‍ॅक्टिव्हेशन ऑर डिलीशन. इथं दोन पर्याय असतात आणि गफलत इथंच होते. डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे कुलूप लावून किल्ली खिशात. परत लॉगिन केलं की सगळं जागच्या जागी. डिलीट म्हणजे ३० दिवसांची मुदत, त्यात मन बदललं तर लॉगिन करून रद्द करता येतं. मुदत संपल्यावर सर्व्हरवरून सगळं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेले मेसेज त्यांच्याकडे राहतात.

त्या ३० दिवसांत ॲप फोनवर ठेवू नका. घरातला टॅब, दुकानातला जुना कॉम्प्युटर, सगळीकडून आधीच लॉगआउट व्हा. बोट सवयीने त्या जागी जातं. तिघांपैकी एकाने अठराव्या दिवशी "बघू तरी" म्हणून आत जाऊन रद्दचं बटण दाबलं, आणि त्याचे ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

एक गोष्ट आम्हाला आधी सुचायला हवी होती. पेज गेल्यावर पंधरा दिवसांत तालमीच्या नावाने, जुन्याच चिन्हासह दुसरं पेज उघडलं गेलं आणि त्यावर गणपतीच्या वर्गणीचा क्यूआर कोड आला. खरं पेज नसल्यामुळे ताडून बघायला काही उरलं नव्हतं. दोघांनी पैसे भरलेही. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी. आणि पेज काढायच्या आधी महिनाभर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं की तालीम ऑनलाइन वर्गणी घेत नाही, पावती पुस्तक हाच पुरावा. आम्ही ते नंतर फ्लेक्सवर लिहिलं.

फळ्याचंही काम वाढलंय. पातळी लिहिताना तारीख आणि वेळ लिहायचीच, हा नियम दुसऱ्याच आठवड्यात करावा लागला, कारण सकाळचे ३६ फूट लोक संध्याकाळी वाचून जात होते. आडवा पाऊस आला की खडू पुसतो. म्हणून फळा दारातून हलवून जिन्याखाली टांगलाय, आणि लिहिणाऱ्याने खाली आपलं नाव घालायचं.